वाचून दाखवलं, समजलं

माझी आई वकील आहे. शाळा सुटली की मी आचोळ्यातल्या तिच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हेच लोक विसरतात. किस्से असेच माझ्या वहीत साठत जातात. ए.आय. आल्यापासून तर वही पुरत नाही!

*

एक फ्लॅटवाले काका मोबाईल नाचवत आले. "मॅडम, ए.आय. म्हणतो केस आपणच जिंकणार!"

आई म्हणाली, "मग वकीलपत्र त्यालाच द्या. तारखांनाही तोच येईल."

काका खरंच विचारात पडले!

*

प्रीतीताई आईची ज्युनियर. तिने एका अर्जासाठी ए.आय.कडून जुना निकाल शोधून घेतला. न्यायाधीशांनी त्याची प्रत मागितली. ताई तीन दिवस शोधत होती.

"निकाल एकदम आपल्या बाजूचा होता गं," ती मला म्हणाली. "फक्त कुठल्याच कोर्टाने दिलेला नाही!"

त्या दिवशी आईने डबा उघडला नाही.

*

एकदा समोरच्या वकिलांचं लेखी उत्तर आलं. शेवटच्या ओळीत छापलेलं, "मसुदा आणखी कडक करून हवा आहे का?" खाली त्यांची सही आणि शिक्का!

ताई आणि मी खूप हसलो. आई म्हणाली, "आपल्याकडून काय काय गेलंय, ते कोण बघतंय?"

*

अर्नाळ्याच्या हिराबाई मासे सुकवून विकतात. त्यांच्या नवऱ्याची बोट तीन वर्षांपूर्वी गेली, ती परत आली नाही. घर दोघा भावांचं. आता धाकटा, म्हणजे हिराबाईंचा दीर, ते सगळंच विकायला निघाला. विक्री थांबवायला कोर्टाचा मनाई हुकूम हवा होता. नाहीतर हिराबाई रस्त्यावर.

त्यांचं शपथपत्र ए.आय.ने दहा मिनिटांत इंग्रजीत लिहिलं. शेवटची नेहमीची ओळही त्यानेच घातली: मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो समजला, बरोबर आहे.

ती ओळ बघून आईला वाटलं, ताईने वाचून दाखवलं. ताईला वाटलं, मॅडमनी.

हिराबाईंनी अंगठा दिला.

*

सुनावणीच्या दिवशी मला सुट्टी होती. मी कोर्टात शेवटच्या बाकावर बसले.

न्यायाधीशांनी सहज विचारलं, "नवरा कधी वारला?"

"वारला? कोन बोलला?" हिराबाई म्हणाल्या. "दर्यात हाय तो."

"शपथपत्रात मयत लिहिलंय. अंगठा तुमचाच ना?"

"माजाच."

समोरचे वकील ताडकन उठले. "बाई शपथेवर खोटं बोलतात, साहेब!"

मनाई हुकूम मिळाला नाही.

बाहेर पायरीवर बसून आईने त्यांना शपथपत्र मराठीत वाचून दाखवलं. पहिल्यांदाच. एकेक ओळ. 'नवरा मयत' ही ओळ वाचून तिने कागद खाली ठेवला.

"हे मी लिहिलं नाही, हिराबाई. प्रीतीनेही नाही. मशीनने लिहिलं. आम्ही वाचलं नाही."

हिराबाई आईच्या जवळ सरकल्या.

"मशीनला कसं कललं, बाय?" त्यांनी हळूच विचारलं. "बोट गावली का?"