‘आणि पार्टी’तली माणसं

सुजाताक्काचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. वसतिगृहाच्या बंद पडलेल्या खानावळीबद्दल एक पत्रक काढायचं होतं, त्याचा मजकूर मी तपासत बसले होते. ती म्हणाली, “प्रज्ञा, तात्या गेले.” तिच्या मागं गाणं चाललेलं फोनमधून ऐकू येत होतं. ढोलकी, झांज आणि बायकांचा कोरस... मग तिनं विचारलं, “त्यो डबा चालूच हाय गं. मला वाटलं, ऐकत बसल्यात खुर्चीत. चहा ठेवून गेले, परत आले तर चहा तसाच. कसा बंद करायचा त्यो?”

तो डबा मीच जोडला होता, त्यामुळं तो कसा बंद करायचा हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, राहू दे, मी येते.

याला आता सहा आठवडे झाले. तात्या, म्हणजे यशवंत कांबळे, आमच्या शेजारचे. शाहूपुरीत एका जिन्याखाली त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. पण वस्तीत त्यांची ओळख दुकानामुळं नव्हती. आमच्या बौद्ध वस्तीची एक गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ती कागलच्या बाजूला, शाहूवाडीच्या डोंगरात, जिथून बोलावणं येईल तिथं जायची. तात्या त्या पार्टीबरोबर जात. ते गात नसत, वाजवतही नसत. स्टेजच्या कडेला मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसत आणि झालेला प्रत्येक कार्यक्रम कॅसेटवर घेत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्यासाठी काही देतही नव्हतं. माझे बाबा त्याच पार्टीची पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. त्यांच्या घड्या घालायच्या आणि घालता घालता वाचायचं. बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या शेवटी सगळ्यांची नावं आली पाहिजेत, सतरंज्या अंथरणाऱ्याचंही. जागा पुरली नाही तर ते मजकूर कापत, नावं कापत नसत. हे मी लहानपणापासून बघत आले होते, तरी पुढं मी काय केलं ते सांगायचं आहे.

दुकान बंद करून तात्या घरी बसले तेव्हा कॅसेटच्या दोन ट्रंका त्यांच्याबरोबर घरी आल्या. त्यांच्या मुलीनं, सुजाताक्कानं, त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यात गाण्यांचं ॲप घालून दिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली. “जगातली सगळी गाणी ह्यात हायत म्हणत्यात. आमची कुठं हायत बघ की.” मी शोधलं. एकही नव्हतं. मग माझं सुरू झालं. ही गाणी आपल्याला भाड्यानं मिळतात, मालकाच्या मनात आलं तर उद्या सकाळी नाहीशी होतील, आणि ज्यांच्या आवाजातून नफा निघत नाही त्यांना या बाजारात दारच नाही... असं पंधरा मिनिटं तरी बोलले असेन. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “पत्रक झकास झालं. आता उपाय सांग.”

उपाय मलाही माहीत नव्हता. वाचून, चुकून, विचारून शिकले. एका छापखान्यानं काढून टाकलेला छोटा संगणक मिळाला, जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठा. त्यावर कुणाच्याही मालकीची नसलेली, मोकळी प्रणाली घातली. त्याचा पडदा आणि कीबोर्ड काढून ठेवले, कारण एकदा जोडून झाल्यावर त्याला दोन्हींची गरज नव्हती. एक हार्ड डिस्क, राउटरला एक वायर, तात्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला एक वायर. घरातल्या कुठल्याही फोनवरून त्याच्यातलं गाणं निवडता येत होतं, आणि इंटरनेट गेलं तरी त्याचं काही अडत नव्हतं. मी उत्साहात म्हणाले, यावरच दाराचा कॅमेरापण लावू, फोटोही ठेवू. तात्या म्हणाले, “एकाला एकच काम दे. दहा कामं सांगितलेल्या माणसाचं एकबी धड हुत न्हाय.” मग डब्याच्या पंख्याची घरघर त्यांच्या कानाला टोचायला लागली. दोन दिवस खपून त्यांनी ॲल्युमिनियमचा जाड पत्रा कापला, तो आत बसवला, उष्णता त्या पत्र्यावर घेतली आणि पंखा काढून टाकला. संगणकाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता. मी घाबरून तापमान बघत बसले. ते वाढलं नाही. “आवाज करायचं काम गाण्याचं,” एवढंच म्हणाले.

कॅसेट उतरवायचं काम मात्र महिनोन्‌महिने चाललं. फिती चिकट झाल्या होत्या. प्रत्येक कॅसेटनंतर तात्या कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून टेपचं हेड पुसायचे, आणि बोळा तपकिरी व्हायचा. गाण्याचाच थर तो, निघून चाललेला. कॅसेट एकदाच वाजायच्या. दुसऱ्यांदा लावली की फीत आत गुंडाळायची आणि तुटायची. म्हणजे जे एकदा डब्यात आलं तेच शिल्लक राहणार होतं.

प्रत्येक गाण्याला नाव द्यायचं, गाव द्यायचं, ‘कलाकार’ असा एक रकाना भरायचा. कॅसेटच्या पाठीवर बॉलपेननं मुख्य गायकाचं नाव असे आणि पुढं ‘आणि पार्टी’. मी तसंच टंकत सुटले. तात्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“पार्टी म्हंजे कोण?”

“कोरस, तात्या. मागचे लोक.”

“मागं काय हुबं असत्यात व्हय ती? शेजारीच तर असायची. ह्या डब्याला एका गाण्याला किती माणसं चालत्यात?”

मी बघितलं. दोन नावांच्या मध्ये अर्धविराम दिला की डबा ती दोन वेगळी माणसं धरायचा आणि दोघांच्याही नावाचं स्वतंत्र पान उघडायचा. कितीही नावं चालत होती. तात्यांना केवढा आनंद झाला! माणसांपेक्षा ह्यो डबा शहाणा हाय म्हणाले. यादी अक्षरांच्या क्रमानं लागायची, त्यामुळं कोरसमधली अनुसया मुख्य गायकाच्या वर आली. त्या गायकाचा मुलगा तक्रार घेऊन आला, आमच्या वडलांचं नाव खाली कसं? तात्यांनी त्याला चहा पाजला आणि बाराखडीला विचार म्हणून सांगितलं.

आणि इथंच माझ्या हातून ते घडलं. गाणी ऐकायला नीटनेटकी हवीत असं मला वाटायचं. पुढच्या लोकांनी ऐकावीत, हसू नये. म्हणून उतरवलेल्या फाइली मी घरी नेल्या आणि प्रत्येक गाण्याच्या आधीचं-नंतरचं सगळं कापून टाकलं. खोकणं, माईकची शिट्टी, सुरू करा, थांबा, चहा दिल्याबद्दल मंडळाचे आभार... डिस्कवर जागा कमी होती म्हणून मूळ फाइली पुसल्या. मोठ्या अभिमानानं तात्यांना ऐकवायला बसले. तीन-चार गाणी झाल्यावर ते म्हणाले, “कागलच्या कार्यक्रमात शेवटी कोरसची नावं घेत्यात बघ, ते लाव. त्यावरनं रकाना भरू.”

मी फोन खाली ठेवला. त्यांना कळलं. तुटलेल्या फितीची कॅसेट समोरच पडली होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. उठून ट्रंकेचं झाकण लावलं, पुन्हा बसले आणि म्हणाले, “तुझ्या बाबाच्या पत्रकाखालची नावं कुणी कापली असती, तर तू काय केलं असतंस गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात उभे होते. गाणी मेमरी कार्डात भरून दे, म्हणाले. एक लहान स्पीकर त्यांनीच दुरुस्त करून आणला होता. त्या दिवसापासून जवळजवळ वर्षभर, गुडघे दुखत असताना, पंचाहत्तरीच्या पुढचा हा माणूस गावोगाव गेला. सुटी असली की मी बरोबर असायचे. आवाज ऐकवायचा आणि विचारायचं, हा कुणाचा? मी माझ्या चुकीची माफी मागायला लागले की ते मला थांबवायचे. माफीनं रकाना भरत नाही, एवढंच.

शाहूवाडीकडचं एक गाव मला विसरता येत नाही. भाताच्या खाचरांच्या कडेनं चढत गेलो. अनुसयाआक्का अंगणात शेंगा निवडत होत्या. तात्यांना बघून म्हणाल्या, “मशीनवालं पावणं व्हय? अजून जित्तं हायसा?” तात्या म्हणाले, तुमचा आवाज परत द्यायचा राहिला होता. स्पीकर लावला. आक्का ऐकता ऐकता ओठ हलवायला लागल्या. मग एकेका आवाजावर बोट ठेवल्यासारखं सांगत गेल्या, ही मी, ही आमची धाकटी जाऊ, ही कुंभारवाड्याकडची शांता, तिचा सूर कायम वर जायचा. मी फोनवर लिहीत होते. तात्या कसे कडेला बसायचे, त्यांच्या तोंडातनं ‘हां, म्हणा’ निघाल्याशिवाय पार्टीत कुणी तोंड उघडत नसे, हेही त्या हसत हसत सांगत होत्या. तेवढं मी लिहून घेतलं नाही. मला नावं हवी होती.

मी त्यांना त्यांच्या नावाचं पान दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. खाली सात गाणी होती.

“सात?” त्या म्हणाल्या. “माझ्या नावावर?”

“व्हय, आक्का.”

“घरात एक भांडं माझ्या नावाचं न्हाय. भांड्यावरबी मालकाचंच नाव.” आणि पदर तोंडाला लावून हसल्या. परतीच्या गाडीत तात्या खिडकीकडं तोंड करून बसले होते. किती वेळ त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मी समतेवर पुष्कळ लिहिलं आहे, भाषणंही केली आहेत. त्या अंगणात जे घडलं ते माझ्या एकाही पत्रकानं घडवलेलं नाही, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. तात्यांनी समता हा शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नाही. ते अर्धविराम दिला का म्हणून विचारायचे. कापली गेलेली नावं त्यांनी जवळजवळ सगळी परत मिळवली. पाच-सहा आवाज राहिले, त्यांच्यापुढं त्यांनी ‘ओळख पटायची आहे’ असं लिहायला लावलं. ‘अज्ञात’ लिहू दिलं नाही. आपल्याला माहीत नाही हा त्यांचा दोष नव्हे, म्हणाले.

तात्यांचं दिवसकार्य झाल्यावर सुजाताक्कानं मला बाजूला घेतलं. तात्यांचा आवाज कुठं असेल का, म्हणाली. तिच्या फोनमध्ये काहीच नव्हतं. ते आवाजाचे निरोप कधी पाठवत नसत, सरळ फोन करत. फोटो होते, पण सगळ्यांत तोंड मिटलेलं. “जलमभर दुसऱ्यांचं आवाज गोळा केलं की गं... त्यांचाच कसा न्हाय?” ती म्हणाली. आणि मला अनुसयाआक्का आठवल्या. हां, म्हणा.

तो आवाज होता. प्रत्येक कॅसेटमध्ये, प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला होता. मी तो कापला होता. नावं परत आणायला ते वर्षभर पायपीट करत राहिले, आणि त्याच कात्रीत त्यांचा स्वतःचा आवाजही गेला हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. शंभर वेळा संधी होती. एका शब्दानं बोलले नाहीत.

चार दिवस मी माझा संगणक उलटापालटा केला. पुसलेलं परत मिळालं नाही. शेवटी ‘बाद’ नावाच्या कप्प्यात एक फाइल सापडली. गाणं अर्धवट तुटलेलं आहे म्हणून मी ती डब्यात घातलीच नव्हती, साफही केली नव्हती. सुजाताक्काच्या घरी जाऊन, तिच्यासमोरच ती लावली. आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग अगदी जवळून, माईकला लागून, एका तरुण माणसाचा आवाज: “हां, म्हणा.” ढोलकी सुरू होते, आक्कांची पार्टी गायला लागते, आणि दुसऱ्या कडव्यात कर्णा बंद पडतो. लोकांचा गलका. गाणं थांबतं. इथं मी फाइल बाद केली होती, पुढं ऐकलंच नव्हतं. पुढं तोच आवाज आहे. “लाईट गेली तर जाऊ दे की. माझं मशीन सेलवर हाय. म्हणा तुम्ही, म्हणा...” मग एक बाई सुरू करते, मग दुसरी, आणि कर्ण्याशिवाय, उघड्या गळ्यानं, सगळ्याजणी ते गाणं शेवटापर्यंत नेतात.

सुजाताक्का भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, परत लाव.

ती फाइल आता डब्यात आहे, एक सेकंदही न कापलेली. कलाकारांच्या रकान्यात अनुसयाआक्का आहेत, त्यांची धाकटी जाऊ आहे, शांता आहे, ढोलकीवाले आहेत. शेवटी अर्धविराम देऊन मी ‘यशवंत कांबळे’ लिहिलं. त्यांच्या नावाचं पान उघडलं, त्यावर हे एकच गाणं आहे.

डबा कसा बंद करायचा हे मी सुजाताक्काला अजून सांगितलेलं नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही. तात्यांसाठी मी त्याला वेळ लावून दिली होती, रोज सकाळी साडेसहाला तो आपला आपण सुरू होतो. ती वेळ तीच ठेवली आहे, फक्त पहिलं गाणं ठरवून दिलंय. सुजाताक्का चहा ठेवते, खुर्चीवरची चादर नीट करते. खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, आणि मग ते म्हणतात... हां, म्हणा.