सात बाय नऊची जेवणाची खोली

बिल्डरने दिलेल्या नकाशात त्या खोलीवर 'स्टोअर' लिहिलं होतं. सात फूट बाय नऊ फूट, स्वयंपाकघराला लागून, एक खिडकी. घाटकोपरची आमची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. चार वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही सातव्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा मी सगळ्यात आधी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. मोठी बेडरूम आम्हा नवरा-बायकोची, छोटी दहावीतल्या लेकीची, हॉलमध्ये दिवाणावर सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची सोय. आणि ही खोली जेवायची. माझ्या डोक्यात ते पक्कं होतं.

नवऱ्याच्या डोक्यात नव्हतं. "आप्पांना दे ना ती खोली," तो म्हणाला. "एक पलंग आरामात बसेल."

"मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, हॉलच बरा."

हे खरं होतं. मी विचारलं होतं आणि आप्पा म्हणाले होते, "माका हॉलच बरो. टीव्ही हा, वारो येता." मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं की झालं, असं मी मनाशी धरून चालले.

माझं माहेर मुलुंडचं. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. आम्ही पाळ्यांनी जेवायचो. आधी वडील आणि भाऊ, मग आम्ही बहिणी, आणि सगळ्यांत शेवटी आई, मोरीच्या कडेला बसून, पातेल्यातच भात कालवून. तिला कुणाबरोबर जेवताना मी कधी पाहिलं नाही. लग्नानंतर जागा थोडी वाढली, पण भाड्याच्या घरात तर आमचं आणखीच फाटलं. नवरा ताट घेऊन लॅपटॉपसमोर, लेक पलंगावर मोबाईलसमोर, आप्पा टीव्हीसमोर. चार माणसं, चार भिंती. मला एक दार हवं होतं, ज्याच्या आत आल्यावर जेवण्याशिवाय दुसरं काही करता येणार नाही.

अंधेरीच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत मी मोबाईलवर जेवणाच्या खोल्यांचे फोटो साठवत होते. दोनशेच्या वर झाले असतील. आमची खोली लहान, म्हणून खुर्च्या नकोत. दोन भिंतींना धरून काटकोनात बाक, बाकाखाली सामानाला कप्पे. टेबल एका टोकाला भिंतीत पक्कं बसवलेलं, दुसऱ्या टोकाला एकच जाड पाय, म्हणजे डगमगायला नको. भिंत फिकी हिरवी. टेबलाच्या बरोबर वर खाली लोंबणारा पिवळा दिवा. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिडकी पाडायची, तिथून गरम पोळी सरळ टेबलावर.

मालाडहून येणारा सुतार मापं घेताना म्हणाला, "ताई, एका बाजूला बाक करा, दुसरीकडे खुर्च्या ठेवा. कोपऱ्यात बसलेला माणूस बाहेर कसा निघणार?"

"बाजूचा उठेल की."

"तुमची मर्जी," म्हणून त्याने पेन्सिल कानावर खोचली.

खोली तयार झाली तेव्हा खरंच सुंदर दिसत होती. शेजारणी बघून गेल्या. एकीने तर आपल्या सुनेला खास बोलावून दाखवली. आतला कोपरा मी आप्पांना दिला. दोन्ही भिंतींना पाठ टेकायला मिळेल, दिवा बरोबर समोर, घरातल्या मोठ्या माणसाची जागा. त्यांच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला लेक आणि लेकीच्या पलीकडे, दाराजवळ, मी.

आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. मालवणकडचे. गिरणीत साच्यावर कापड विणायला होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन. आयुष्यभर उभ्याने काम केलेला माणूस. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून कमी बोलायचे. पहिल्याच दिवशी टेबल आणि बाक यांच्या फटीतून आडवं सरकत, टेबलाला हात रोवत ते कोपऱ्यात पोचले आणि म्हणाले, "गो, माका हयसर नको. माका भायेर बसूंदे."

"आप्पा, ती खास तुमची जागा आहे."

त्यांनी ताट पुढे ओढलं.

त्यांचं जेवण लवकर व्हायचं. मग ते हात सुकेपर्यंत तसेच बसून राहायचे, कारण बाहेर पडायचं तर नवऱ्याने नाहीतर आम्ही दोघींनी उठायला हवं. लेक एक पोळी अर्धा तास चिवडायची. नवरा ऑफिसच्या गोष्टी सांगत बसायचा. हेच तर मला हवं होतं, सगळे बसून बोलतायत. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आप्पा जेवताना पाणी पीत नाहीत. पेला भरलेलाच राहतो. का, ते मला कळलं होतं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागेल, मग सगळ्यांना उठवावं लागेल. मला कळलं होतं आणि मी काही केलं नाही, हे इथे लिहितानाही हात जड होतो. सवय होईल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

रविवार होता. दुपारचा एक वाजला असेल. मटण आणि वडे. आप्पांच्या आवडीचं म्हणून मी सकाळपासून वाटणाला लागले होते. त्यांच्या वर-खाली दोन्ही कवळ्या, म्हणून मऊ फोडी निवडून त्यांना वाढल्या. नवरा त्याच्या साहेबाची नक्कल करत होता, लेक खिदळत होती, मीही हसत होते.

आप्पांनी हात टेबलावर आपटला. एकदाच.

नवरा बोलायचा थांबला. "काय झालं आप्पा? मीठ?"

ते बोलले नाहीत. तोंड उघडं, डोळे समोर दिव्यावर. खोकला नाही, आवाज नाही, काहीच नाही. मला वाटलं, रागावलेत. एवढे दिवस साठलेला राग आज बाहेर येतोय. खरंच, पहिले दोन-तीन क्षण मी हेच समजत होते आणि उत्तर तयार करत होते.

"आई, आजोबांचे ओठ बघ," लेक म्हणाली. "निळे होतायत."

"पाणी दे, पाणी!" नवरा ओरडला.

"पाणी नको!" मी ओरडले. ऑफिसमध्ये आम्हाला एकदा प्रथमोपचार शिकवले होते. घशात अडकलं तर पाणी द्यायचं नाही. माणसाच्या मागे उभं राहायचं, मागून मिठी घालायची, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर जोरात दाबायचं. सगळं आठवत होतं, स्वच्छ आठवत होतं. पण आप्पांच्या मागे भिंत होती. दोन्हीकडे भिंत. मागे उभं राहायला टीचभर जागा मीच ठेवली नव्हती.

नवरा त्यांच्या पाठीत थापा मारत होता, पण बसल्या जागेवरून हात नीट पोचत नव्हता, पाठ भिंतीला चिकटलेली. "बाहेर ओढ त्यांना!" मी म्हटलं. तो उठायला गेला तर त्याचे गुडघे टेबलाखाली अडकले. टेबल सरकवायला गेला. टेबल भिंतीत पक्कं होतं. लेक रडत बाकावरून बाहेर सरकली. आप्पांचा चेहरा आता राखेसारखा झाला होता आणि त्यांचे हात माझ्या दिशेने आले होते. बुडणाऱ्या माणसाचे येतात तसे.

फटीतून आडवं सरकत जायला वेळ नव्हता, मी टेबलावर चढले. गुडघ्याखाली ताट होतं, रश्श्याचं भांडं होतं, रस्सा पोटरीवर सांडला, भाजलं असणार, पण ते नंतर कळलं. वरचा दिवा डोक्यावर आदळला. मी आप्पांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. नवऱ्याने त्यांची कंबर खालून उचलली. ते अर्धे टेबलावर आले आणि टेबलाची कडा त्यांच्या पोटात रुतली. "ओढ, ओढ," नवरा म्हणत होता. मी ओढत होते आणि एका हाताने त्यांच्या दोन खांद्यांच्या मधोमध मारत होते. किती वेळा मारलं माहीत नाही. मुठीने मारलं. सासऱ्यांना.

मग त्यांच्या तोंडातून एक घाणेरडा आवाज आला आणि मटणाची फोड कवळीसकट टेबलावर पडली.

त्यांनी श्वास घेतला. तो आवाज दार करकरल्यासारखा होता. मग दुसरा. मग खोकला, न थांबणारा. मी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर धरून तशीच सांडलेल्या रश्श्यात बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि कवळीशिवाय, बोबड्या शब्दांत म्हणाले, "भायेर काढा माका."

त्यांचा लेंगा ओला झाला होता. माझं लक्ष गेलंय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. लेकीने मोठा टॉवेल आणून त्यांच्या कमरेवर टाकला. पंधरा वर्षांची पोर, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढायला लावला. बरगड्या दुखावल्या होत्या, मोडल्या नव्हत्या. "नशीब," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या खोलीत शिरला आणि बाक उखडायला लागला. मी दारात उभी राहिले. मी वाट बघत होते की तो म्हणेल, मी सांगितलं होतं तुला. म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. तो फळीमागून फळी काढत राहिला. स्क्रू एका वाटीत टाकत होता. त्या आवाजाने माझं डोकं फुटायची वेळ आली.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? शेजारी मी बसलो होतो." त्याने वर बघितलं नाही. "बापाचा जीव जात होता आणि मी साहेबाची नक्कल करत होतो. मला वाटलं, मीठ कमी पडलं."

मी आत जाऊन त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि स्क्रू काढायला लागले.

आप्पा तीन दिवस फक्त पेज प्यायले, तीही दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून. चौथ्या दिवशी मी रजा टाकली. घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या पायाशी स्टूल घेऊन बसले.

"आप्पा, खरं सांगा. ती खोली तुम्हाला हवी होती का?"

त्यांनी अंगावरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "तू तुझ्या भैणीक फोनवर सांगत होतंस. आमच्या आईन कधी बसान जेवूक नाय, माझ्या घरात तसा होवचा नाय. मी आयकलंय. मगे मी खोली कशी मागू?"

"म्हणून हॉल बरा म्हणालात?"

"वॉचमनच्या केबिनीत अकरा वर्सां काढली मी. सगळे येताजाता बघतत. हॉलात पण तसाच. कपडे बदलूक बाथरूमात जावचा लागता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माका एक दार व्हया होता, गो. एवढाच."

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडले असते तर तेच मला समजवायला लागले असते. म्हणून मी उठून चहा टाकला.

सुतार पुन्हा आला. काही विचारलं नाही त्याने, हे त्याचे उपकार. टेबल भिंतीतून सोडवलं, चार पाय लावले आणि ते हॉलमध्ये आलं. सुट्ट्या खुर्च्या आल्या. सोफा एका बाजूचा काढून टाकावा लागला, आता पाहुणे आले की सरळ टेबलाशीच बसतात. स्वयंपाकघरातली खिडकी बुजवून घेतली. लोंबणारा दिवा काढला. त्या खोलीत पलंग बसला, एक छोटं कपाट, खिडकीपाशी सासूबाईंचा फोटो. दाराला आतून कडी.

आप्पा सकाळचा चहा आमच्याबरोबर टेबलाशी घेतात, दाराकडची खुर्ची धरून. दुपारचं आणि रात्रीचं जेवण मात्र आपल्या खोलीत, ताट स्वतः घेऊन जातात. सुरुवातीला दार बंद करून जेवायचे. नवऱ्याने हात जोडून विनवलं, तेव्हा कुठे अर्धं उघडं ठेवायला कबूल झाले. आम्ही तिघं हॉलमध्ये जेवतो, पण आमचं बोलणं कमी झालंय. कान तिकडे असतात. चमचा ताटाला लागला, पेला ठेवला, पाणी प्यायले. मी मटण केलेलं नाही त्यानंतर. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं.

परवा ते आत जोरात खोकले. आम्ही तिघंही एकदम उठलो, लेकीची खुर्ची मागे पडली.

"बसा, बसा," आतून आवाज आला. "मिरची लागली."

आम्ही बसलो. मिनिटभराने लेक पुन्हा उठली, पाण्याचा तांब्या घेतला आणि आत जाऊन बघून आली.