भिंगरीची हरकत

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून सतरंज्या झटकल्या. आमचं दोघांचं मिळून केलेलं शेवटचं काम हेच. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती असा झटका द्यायची की माझ्या हातातून टोक सुटायचं. "अवो, धरा ना नीट! सतरंजी झटकून राह्यले का झोपा काढून राह्यले?" सतरंज्या शेजारपाजारून मागून आणलेल्या होत्या, नातीच्या साखरपुड्यासाठी. साखरपुड्याला अजून आठवडा होता, पण हिला दम कुठला. धूळ उडाली, ती शिंकली, पदरानं नाक पुसलं आणि शेवटची सतरंजी माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "इची घडी करा. मी चालली समोर, मार्थाबाईकडून भात शिजवाचा मोठा गंज आणाले. तुमी या मांगून."

मी घडी केली. कोपऱ्याला कोपरा लावून केली, कारण तिरपी घडी दिसली की ती उलगडून पुन्हा करायची आणि वर बोलायची. मग चपला घालून मागून गेलो. मार्थाबाईच्या ओट्यावर ती पडली होती. गंज पायरीखाली उलटा झाला होता. मार्थाबाई तिच्या तोंडावर पाणी मारत होती आणि हाका मारत होती. मी बघितलं आणि समजलो. हलत नव्हती ना ती. भिंगरी हलत नाही म्हणजे संपलंच.

खामगावच्या आमच्या मिशन कंपाउंडात तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. नाव सुशीला, पण ते फक्त पाळकसाहेबांच्या तोंडी. लहानपणी बापाबरोबर उंद्रीहून इथं राहायला आली तेव्हापासून तिच्या पायाला थारा नव्हता. ताट वाढून घ्यायची, घास उचलायची आणि उठायची. मीठ राहिलं, दार उघडं राहिलं, कोणाचं पोर रडून राहिलं. अर्धं जेवण तिनं जन्मभर उभ्यानंच केलं. मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाला, आजी, आता बसून आराम करा. दवाखान्याबाहेर येऊन मला म्हणते, "मी काय तुमच्या जिनातला कापूस हाये का, गाठ बांधून ठेवाले?"

मी जिनिंगमध्ये गाठी बांधायचो. मी पडलो उलटा माणूस. आई म्हणायची, याला बसवलं तिथं हा उगवेल. बोलणंही तसंच. कोणी काही विचारलं की उत्तर आईच द्यायची. माझं लग्नही आईनंच ठरवलं. भिंगरीच्या बापाशी ती बोलली, कपड्यांचं बोलली, जेवणाचं बोलली, आणि घरी येऊन मला सांगितलं, "ठरलं." मी म्हणालो, बरं.

इतर चर्चमध्ये लग्नाआधी नवरानवरीची नावं वाचतात. आमच्या मंडळीत साखरपुड्याच्याही आधी वाचतात, लागोपाठ तीन रविवार. मागून कोणाचं तोंड वाजायला नको म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत. पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगावं. एखादा रविवार हुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

आमचा दुसरा रविवार पिकाच्या उपकारस्तुतीचा होता. त्या दिवशी ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते आणून वेदीसमोर ठेवतात. ज्वारीची कणसं, भोपळे, वांगी, भिंगरीच्या आईनं आणलेल्या मेथीच्या जुड्या. आम्ही पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, सगळे खाली बसलेले. पाळकसाहेबांनी आमची नावं वाचली. हरकत असेल तर उभं राहावं म्हणाले. आणि नवरी मुलगीच उभी राहिली.

सगळ्या माना वळल्या. पाळकसाहेबांचा चष्मा नाकावर घसरला. "सुशीलाबाई, तुमची हरकत आहे?"

"हाव!" ती वेदीकडे बोट करून ओरडली. "पाहा ना, मेथी खाऊन राह्यली!"

पाळकसाहेबांचीच शेळी बाजूच्या दारानं आत शिरली होती. पोरं हसली, बायका हसल्या, भिंगरीनं तिथंच शेळीचा कान धरून तिला बाहेर काढलं. माझी आई तेवढी हसली नाही. "उभी राह्यली ते राह्यली, वर हाव बी म्हनली," ती बाहेर येऊन सगळ्यांना सांगत सुटली. "सोताच्याच लग्नाले आडवी होनारी पोरगी माह्या घरात नोको."

नियम म्हणजे नियम. कोणी उभं राहिलं की पंचांनी चौकशी करायची. उपासना झाल्यावर पंच बसले. थोरले पंच तिला म्हणाले, "पोरी, शेळीसाठी उठलीस ना? तेवढं म्हण, आणि मिटलं." तेवढं म्हटलं असतं तर खरंच मिटलं असतं.

"उठली त शेळीसाठीच," भिंगरी म्हणाली. "पन आता तुमी इचारूनच राह्यले त सांगून देते. आतापरेंत मले कोनी इचारलंच नाही. मानसाचं नाव मले मालूम हाये, काम मालूम हाये, त्याची आई त लयच मालूम हाये. पन हा मानूस बोलते का नाही, हेच मालूम नाही. मले एकडाव बोलाचं हाये त्याच्याशी. आईबिगर."

आई म्हणाली, असलं आमच्यात होत नाही. पंच एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पाळकबाई म्हणाल्या, मी पायरीवर बसते, बोलू द्या त्यांना. पण भिंगरी पायरीवर बसेल कशाला? ती निघाली चर्चला चक्कर मारायला. मी मागून.

पहिली चक्कर मुक्यानंच गेली. दुसऱ्या चकरेला ती मान न वळवता म्हणाली, "जिभेले बी गाठ बांधली का जिनात?"

"काय बोलू?"

"हेच बोला. लोक म्हनतात लग्न झालं का हे पोट्टी बसन. मी नाही बसनार. मले बसनंच होत नाही. मंग तुमी काय करसान? हात धरून बसवसान?"

मी विचार केला. मला वेळ लागतो. तोवर आम्ही मागच्या खिडकीपाशी पोचलो होतो. मी म्हणालो, "नाही. तू जाय समोर. मी येतो मांगून."

ती थांबली. जन्मात तिला असं जागच्या जागी थांबलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"खरं?"

"हाव."

"मंग चाला लवकर. पाळकबाईचे गुडघे दुखून राह्यले असतीन."

पंचांनी हरकत मिटली म्हटल्यावर आईचंही काही चाललं नाही. तिसऱ्या रविवारी नावं वाचली तेव्हा भिंगरी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, उठू नये म्हणून. चेहरा लालबुंद. साखरपुड्यात माझ्या बोटात अंगठी घालताना हळूच म्हणाली, "शेळी बांधून ठेवली ना?"

त्या दिवसापासून घरात तिचा एक कायदा झाला. भाजीला कोणी नाक मुरडलं, सुनेनं तोंड वाकडं केलं, मी नुसतं हूं केलं, की म्हणायची, "हरकत असन त उभं राहून सांगा. बसल्या बसल्या कुरकुर नोको." आई म्हातारपणी आपल्या कुरकुरीसाठी उठून उभी राहायची आणि मग दोघी हसायच्या. हो, हसायच्या. शेवटी आईचं सगळं भिंगरीनंच केलं.

नातीचं प्रकरण तिलाच आधी कळलं. आमची करुणा जळगाव जामोदच्या दवाखान्यात नर्स आहे, एस्टीनं ये-जा करते. पोरगा आशिष, जळगाव जामोदचा, इथं खामगावच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. रात्रपाळी करून ही सकाळी परतायची तेव्हा तो कामाला यायचा; दोघांची ओळख झाली एस्टीत. भिंगरी मला म्हणाली, "पोट्टी दोन गाड्या सोडून तिसरीनं येऊन राह्यली. कोनाची तरी वाट पाहते." मी म्हणालो, गर्दी असेल. "गर्दी असती त चेहरा असा असता का?"

तिनं आशिषला बोलावून घेतलं आणि दोघांना चर्चपाशी नेलं. "मोबाईल माह्यापाशी द्या. मारा चक्कर. काय बोलाचं ते आता बोला, लग्न झाल्यावर भांडाले टाइम भेटत नाही." स्वतः पायरीवर बसणार होती. पण बसवेना. गेली त्यांच्या मागं मागं, आणि दुसऱ्या चकरेला त्यांच्या पुढंच निघाली. आशिष म्हणाला, "आजी, आमी बोलू का तुमीच बोलता?" पोरगा तिला तिथंच आवडला. करुणानं त्याला एकच विचारलं होतं, रात्रपाळीची नोकरी चालेल का. तो म्हणाला, मी डबा करून ठेवीन. त्याच्या आत्याला मात्र ही नोकरी खुपत होती. पोराला आईबाप नाहीत, आत्यानंच वाढवलेला, म्हणून तिच्या शब्दाला वजन. दोन रविवार नावं वाचून झाली. तिसरा राहिला. आणि त्याच्या आदल्या दिवशी भिंगरी गेली.

शनिवारी संध्याकाळी माती देऊन आलो. त्याच झटकलेल्या सतरंज्यांवर लोक बसले. आत्या म्हणाली, "घरात असं झालं. देवाची मर्जी वेगळी दिसते. वर्षभर थांबू. तोवर पोरीलाही नोकरीचा विचार करता येईल." ख्रिस्ती होऊन पिढ्या गेल्या, पण शकुन काही पोटातून जात नाही. माझा मुलगा मला म्हणाला, "दादा, बरोबर आहे. उद्या नावं वाचू नका म्हणून पाळकसाहेबांना सांगतो." सगळ्यांनी माना हलवल्या. आशिष खाली बघत बसला. आत्याच्या पुढं बोलायची त्याला सवय नाही. मला माझीच आठवण झाली.

उद्याचा रविवार हुकला की पुन्हा पहिल्यापासून, आणि लगेच ईस्टरआधीचा उपवासकाळ लागतो, त्यात अंगठ्या घालत नाहीत. वर्षभर आत्या बोलत राहणार. वर्षात असं लग्न मोडायला काय लागतं?

करुणा भिंतीला टेकून बसली होती. तिचा पाय हलत होता. आजीचा हलायचा तसाच. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

मी जवळ जाऊन विचारलं, "तुले काय वाटते?"

"आबा, आजी असती त..."

"आजी नाही. तू सांग."

"मले थांबाचं नाही, आबा. पन आज कसं बोलू?"

रात्रभर मी विचार केला. म्हटलं ना, मला वेळ लागतो.

सकाळी उठलो. पांढरा सदरा घातला. दाराला कुलूप लावताना सवयीनं रस्त्याकडे बघितलं, ती किती पुढं गेली ते. मग चर्चला गेलो आणि नेहमीच्या बाकावर बसलो. आता बाकं आली आहेत. पाळकसाहेबांनी भिंगरीसाठी प्रार्थना केली. आजाऱ्यांची नावं घेतली, सूचना वाचल्या, कागद मिटला आणि गीताचा नंबर सांगायला लागले.

मी उभा राहिलो. सगळ्या माना वळल्या.

"पाळकसाहेब, एक वाचाचं राह्यलं."

"बाबा, तुमच्या घरात दुःख आहे. घरच्यांचंच म्हणणं होतं..."

"घरचा मी हाये. नावं वाचा. कोनाची हरकत असन त उभं राहून सांगन."

त्यांनी माझ्या मुलाकडे बघितलं. मुलानं मान खाली घातली. मग त्यांनी कागद पुन्हा उघडला आणि करुणाचं नाव वाचलं, आशिषचं वाचलं, आणि विचारलं. मी आत्याकडे बघितलं. तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही. पुरुषांच्या बाजूला आशिष ताठ बसला होता. बायकांच्या बाजूला करुणा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

कोणी उठलं नाही. तिसरा रविवार झाला.

गीत सुरू झालं, संपलं, लोक खाली बसले. मी बसलो नाही. मला बसणंच होईना.