छावणीतला चौथीचा वर्ग

पोरांना घरी शिकवायचं तर आधी घर लागतं. त्या दुष्काळात आमच्याकडं छावणी होती.

आष्टीच्या अलीकडं माळावर सोसायटीनं जनावरांची चारा छावणी उघडली होती. दोन बैल, एक गाय आणि मी असे चार जीव तिथं मुक्कामाला गेलो. पाचवी नंदा, माझी चौथीतली पोरगी, भाकरी थापायला. बायको गावात टँकरची पाळी धरून. निघताना ती एवढंच म्हणाली, "पोरीचं वर्ष बुडलं तर बैलं तेवढी परत धाडा. तुमी नका येऊ."

मी तिच्या शाळेतल्या गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, "तुम्हीच शिकवा तिथं. परीक्षेआधी येऊन तपासतो. जमलं तर बसवतो, नाही तर पुन्हा चौथी."

मी स्वतः सातवी (दोनदा). म्हटलं, चौथीला काय लागतंय! पहिल्याच दिवशी अपूर्णांक निघाले. भाकरीचे चार तुकडे करून मी शिकवायला बसलो आणि समजावण्याच्या नादात तीन खाल्ले.

"अप्पा, किती राहिली?"

"पाव."

"आन मी काय खाऊ?"

अपूर्णांक तिला तिथंच कळले. भूगोल त्याहून अवघड. सिंदफणा नदीचा धडा वाचून तिनं विचारलं, "एवढं पाणी हाय कुठं?"

"पुस्तकात," मी म्हणालो.

असा चार महिने वर्ग चालला. मग गुरुजी सायकलवरून आले. आल्या आल्या शाळेसारखं वाटावं म्हणून मी खास तयारी केली होती. नांगराचा जुना फाळ बाभळीला टांगला आणि गुरुजी टेकताच दणदणा बडवला. छावणीत रोज असाच फाळ वाजवून वैरण वाटायचे. हे मला ठाऊक होतं. जनावरांनाही ठाऊक असेल, हे काही लक्षात आलं नाही.

चार महिन्यांत खुंटे म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलायला लागले होते. सगळी छावणी एकदम उठली. खरं सांगतो, शिंगं मोजायला माणूस लावला असता तर तोही तुडवला असता. वैरण नाही असं दिसल्यावर त्यांनी आमचा वर्ग खाल्ला. पुस्तक माझ्या गाईनं, वही कुणाच्या तरी म्हशीनं, गुरुजींची टोपी एका पाहुण्या खोंडानं. गुरुजी छावणीला पाणी घेऊन आलेल्या टँकरवर चढलेले. मी त्यांच्याही वर होतो.

"ही काय पद्धत झाली शिकवायची?" गुरुजी ओरडले.

"प्रात्यक्षिक हाय, गुरुजी."

खाली नंदा एकटी. "अप्पा, घंटा कावून वाजवली?" एवढं विचारून तिनं पहिल्या बैलाचं दावं धरलं. "तेरा एके तेरा." बैल थांबला. तेरा दुणे सव्वीसला गाय. रोज संध्याकाळी ती पाढे म्हणतच जनावरं बांधायची, आमची आणि शेजाऱ्यांचीही. मला वाटायचं, पोर गाणी म्हणते. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत अर्धी छावणी दावणीला लागली.

गुरुजी वरूनच म्हणाले, "तिला बसवतो परीक्षेला. तुम्ही मात्र त्या फाळाला हात लावू नका."

नंदाचं वर्ष वाचलं. बायकोनं मला घरात घेतलं. मग वाचलेली वर्षं एकमेकांना जोडत पोरगी आष्टीला गेली, तिथून बीडला, तिथून पुण्याला, आणि आता फोनवर असते. आमच्या नळाला पाणी आहे, पंखा आहे, चुलीच्या जागी गॅस आहे. पण संध्याकाळी गोठ्यात गेलो की गाय मान वळवून दाराकडं बघते, आणि तिच्या मागं उभा राहून मीही बघतो. तो दुष्काळ पुन्हा नको. ती छावणी मात्र एका संध्याकाळपुरती कुणी उघडून दिली, तर धुरातली अर्धी कच्ची भाकरी खायला मी चालत जाईन.

म्हणून पोरांना घरी शिकवणाऱ्या आईबापांना अनुभवाचा सल्ला देतो. पोरं जवळ राहावीत असं वाटत असेल तर जरा वाईट शिकवा. मी तर माझ्या परीनं लई वाईट शिकवलं होतं. त्यातही मी नापासच झालो.