नव्या पायाचं गणित

"पहिलं वाकणं मोजायचं नाही," असं ती म्हणायची आणि हातात येईल ते रबर वाकवत बसायची. माझ्या नातवाचं खोडरबर, माझ्या चपलेचा तळ, काहीही. चार-पाच वेळा वाकवलं की म्हणायची, "आता हे खरं वागेल."

एकाच गोष्टीमागं लागलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही अवसरीकडच्या एका कॉलेजात शिकवायची. काजळी घातलेलं काळं रबर ताणलं, दाबलं तर कसं वागतं, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायची. माझा डावा पाय अपघातात गुडघ्याखाली गेला. जुन्नरच्या शिबिरात रबराचा पाय मिळाला, तिथं ती भेटली. त्या पायावर मी घरात हिंडायचो. पण आमचं गाव डोंगरातलं, भाताचं. चिखलासाठी जास्त काजळीचा वेगळा पाय तिनं बनवून घेतला. तो किती वाकतो, ते तिला बघायचं होतं.

मला माझं भाताचं खाचर राखायचं होतं. आवणीला, म्हणजे रोपं लावायला, आपल्या पायानं खाली उतरलो नाही, तर पोरगा ते पुतण्याला वाट्यानं देणार होता. तसं ठरलंच होतं.

आवणीच्या सकाळी ती पाय घेऊन आली आणि ओट्यावर बसून वाकवायला लागणार, तोच मी तो ओढून घेतला.

"नव्या वहाणेत आधी दुसऱ्याला पाय घालू देत न्हाईत, पोरी. माझा पाय मीच वाकवणार."

"आजोबा, माझं गणित वाकवलेल्या पायाचं आहे. कोरा आधी ताठ राहतो, मग एकदम मऊ पडतो."

"पडंल तवा बघू."

खाचराकडं जाणारा बांध हातभर रुंद. खाली पुतण्या रोपांच्या जुड्या घेऊन उभा. "काका, डोली आणू का?"

"तुझ्या लग्नाला ठिव."

मी कुणाचा हात धरणार नव्हतो. म्हणून ती माझ्यापुढं उलटी चालायला लागली, नजर माझ्या पायावर. आधी पाय ताठ, गुडघा मागं ढकलणारा. वळणावर टाच अचानक खचली. मी अख्खा डावीकडं कललो. पुतण्याचं हसू थांबलं.

"थांबा. आता पाऊल आखूड टाका."

उभ्या जन्मात कुणाच्या सांगण्यावरून मी पाऊल आखूड टाकलेलं नाही. टाकलं.

"अजून आखूड," म्हणता म्हणता तीच मागच्या मागं खाचरात पडली. मी बघायला लागलो, तर चिखलातूनच म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. पायाकडं बघा."

मी उतरलो. पुतण्यानं जुडी माझ्या हातात दिली. पहिली ओळ मी लावली. वाट्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दुपारच्या एसटीत कंडक्टरनं तिला त्या अवतारात सीटवर बसू दिलं नाही. उभीच गेली. खिडकीशी वाकून म्हणाली, "फाटला की टाकू नका, आजोबा. कुठं फाटला ते मला बघायचंय."

तीन आवण्या काढून तो अंगठ्यापाशी चिरला. तोवर ती परदेशी गेली होती. मला दुसरा पाय आला. फाटका पोत्यात गुंडाळून माळ्यावर आहे. दिवाळीच्या झाडलोटीत म्हातारी तो खाली काढते.

"ह्यो टाकू का आता?"

"ऱ्हाऊ दे. तिनं बघितला न्हाई अजून."