पुस्तक कुठं उघडतं

मला वाचतं केलं ते पुंडलिकनगरच्या वाचनालयवाल्या बाईंनी. हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीच्या नादात माणूस मदत करणाऱ्यालाच विसरतो.

बाईंची एक सवय होती. जुनं पुस्तक हातात आलं की त्या ते टेबलावर उभं धरायच्या, कणा खाली, आणि दोन्ही हात एकदम सोडून द्यायच्या. पुस्तक आपोआप कुठंतरी उघडायचं. मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "बघ कारागीर, लोकांचं मन कुठं बसलंय ते."

तुम्हीही घरातलं एखादं खूप हाताळलेलं पुस्तक असं सोडून बघा. ज्या पानावर माणसं पुन्हा पुन्हा येतात तिथं शिलाई सैल पडते. पुस्तक तिथंच उघडतं.

मी शहरातल्या छावणी भागात एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. गाव किनवटच्या पलीकडं, इथून अख्ख्या दिवसाची एसटी. शाळा सहावीत सुटली, हात मात्र चांगला बसला. बाईंच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवायला आणणं आणि परत नेऊन देणं माझ्याकडं होतं. वाचनालय म्हणजे बाईंच्या घराची पुढची खोली. भिंतीला बाबासाहेबांचा पुस्तक वाचतानाचा फोटो, खाली तीन कपाटं. बाई पाटबंधारे खात्यात टंकलेखक होत्या. "तीस वर्षं धरणाचं पाणी टाइप केलं," त्या म्हणायच्या, "आता राजकन्या वाचते. कुणाच्या बापाची भीती हाय?"

सगळ्यात जास्त फाटायच्या त्या ऐतिहासिक प्रेमाच्या कादंबऱ्या. किल्लेदाराचा मुलगा, पालखीतून आलेली नवी नवरी, अशा. एक तर सहा महिन्यांत दोनदा माझ्याकडं आली. ती कुठं उघडत असेल याचा मला पक्का अंदाज होता. मी हसलो.

बाईंनी ओळखलं. "तुला काय वाटलं, मिठीच्या पानावर? तुझ्या वयाच्या सगळ्यांना तसंच वाटतं." आणि उघडलेलं पान वाचून दाखवलं.

लग्नाला तीन दिवस झालेत. नवरी नवऱ्याच्या अंगरख्याचे बंद बांधतेय. तो खाली बघून सांगतो, घोड्यावरून पडल्यापासून उजव्या हातात जोर राहिला नाही, तलवार धरवत नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. नवरी त्याच्या डाव्या कमरेची कट्यार सोडते आणि उजव्या कमरेला बांधते. डाव्या हातानं उपसता यावी म्हणून.

"झालं," बाई म्हणाल्या. "ह्या पानासाठी बाया वाट बघतात. मिठी चार पानं पुढं हाय. तिथं कोरा कागद हाय बघ, नवाकोरा."

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं. जमवणाऱ्या मामांनी मुलीकडं सांगितलं, "मुलगा दहावी पास, पुस्तकाच्या लाइनीत हाय." मी चहाच्या कपात बघत बसलो. अर्चना स्वतः बारावी. पडेगावच्या आमच्या खोलीत आली आणि आठ दिवसांत म्हणाली, "एवढी पुस्तकं तुमच्या हाताखालून जातात. मी भाकरी थापते, तुमी वाचून दाखवा की एखादं."

"दिवसभर तेच बघतो गं. डोळे भगभगतात."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोळे पुढं केले. मग तिनं विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. लबाडी केलेला माणूस नीट जवळही बसू शकत नाही. ती हसून काही सांगायला लागली की मला वाटायचं, ही त्या दहावी पासवाल्याशी बोलतेय. उद्या तिला कळलं तर ती माहेरी जाईल, आणि गाव काय म्हणेल, याचाच घोर.

त्यात ती कट्यारीची कादंबरी पुन्हा आली. या वेळी वाळवीनं वरचे कोपरे खाल्ले होते आणि पानांचे आकडे त्यातच गेले होते. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी शिवतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. माझ्यापुढं सगळे फर्मे सुटे पडलेले. वाचून लावायचे म्हटलं तर जोडाक्षर आलं की मी अडकायचो. दुकानाचे मालक चाचा म्हणाले, "अरे, अपने कू सीने का है, पढने का नै. जल्दी कर." मी कागदाचा रंग आणि जुन्या खळीचे डाग जुळवून फर्मे लावले, शिवले, वर लाल कापड चढवलं. दिसायला झकास.

पंधरा दिवसांनी मी वाचनालयात गेलो तेव्हा एक काकू तेच पुस्तक घेऊन उभ्या. "अहो बाई, ह्यात लग्न नंतर लागतंय! त्याच्या आधीच तो तिला हाताचं सांगून मोकळा!" मग जरा थांबून, "पण खरं सांगू? असंच बरं वाटलं बघा."

काकू गेल्या. माझे फर्मे मागंपुढं लागले होते. बाईंनी पुस्तक कट्यारीच्या पानावर उघडून माझ्यापुढं सरकवलं. "वाच."

"बाई, चष्मा नाय आणला."

"तुला चष्मा कवापासून लागला?"

मी छताकडं बघितलं. मग सांगितलं. सहावी. मामा. चहाचा कप. सगळं.

मला वाटलं काम गेलं. बाईंनी आत जाऊन दोन कप चहा आणला. "घरी ठाव हाय?"

"नाय."

"मग आधी हे पान शिकू. तिला सांगायला जाशील तवा हातात काहीतरी पायजे. मोकळ्या हातानं खरं सांगायला लई जड जातं."

त्या दिवसापासून दर गुरुवारी, दुकानाला सुट्टी असायची तेव्हा, मी बाईंच्या टेबलाशी बसायचो. तेच एक पान. 'अंगरख्या'वर मी चार वेळा आपटलो. बाई कधी पुढचा शब्द सांगायच्या नाहीत, नुसतं टेबलावर बोट वाजवत थांबायच्या. "गाडी घाटात हाय, चढंल," म्हणायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, तुमी माझ्यासाठी एवढं का करता?" त्या पुस्तकांकडं बघत म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासंगं छत्तीस वर्षं संसार केला. चांगला केला. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. उद्या, उद्या करत." कोणती गोष्ट, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

महिन्यानं ते पान मला आलं. त्याच गुरुवारी दुपारी अर्चना भाकरी थापत होती. मी बाईंकडून आणलेलं लाल पुस्तक उघडलं आणि न सांगता वाचायला लागलो. अडखळत, बोट ठेवत. तिचे हात परातीत थांबले. कट्यार उजव्या कमरेला आली तिथं मी पुस्तक मिटलं.

"मला एवढंच येतं. मी सहावी शिकलोय. दहावी नाय."

तव्यावरची भाकरी करपली. ती म्हणाली, "मामा बोलले तवा तुमी तिथंच बसला होता ना?"

"व्हय."

"मंग सहावीचा राग नाय माझा. गप बसल्याचा हाय."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट जरा आपटून. मी धसका घेतला होता, तरी एक खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की ही रागावलीय ती माझ्यावर, दुसऱ्या कुणावर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पिठाचे हात धुतले, पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसली. चांगली खेटून.

"पुढचं पान," म्हणाली. "आणि अडलं तर मला विचारायचं. डोळे भगभगतात म्हणायचं नाय."

बाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून खाली आला. "ताट आपटलं? मग जाती कुठं ती! जाणारी बाई ताट आपटत नाय." पुस्तक उसवून फर्मे नीट लावून देतो म्हटलं, तर ते पुस्तकच मला देऊन टाकलं. "राहू दे तसंच. नीट तूच लावलंयस."

गेल्या वर्षी बाईंची नजर अधू झाली आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. पुढच्या खोलीत आता शिकवणीचा क्लास चालतो. बाई फोनवर आवाजानं ओळखतात, "कारागीर, कुठल्या पानावर?" मी आकडा सांगतो. आकडे अर्चनानं पेन्सिलीनं घातलेत, मी शिवलं त्याच क्रमानं.

काल ते पुस्तक उभं धरून सोडलं. कट्यारीच्या पानावर नाही उघडलं. त्याच्या पुढच्या पानावर उघडलं.

अजून काही फर्मे वाचायचे बाकी आहेत. ते संपले की आम्ही दोघं नागपूरला जाणार. बाईंच्या शेजारी बसून त्यांना अख्खी कादंबरी मी वाचून दाखवणार, पहिल्या पानापासून, आधी खरं आणि मग लग्न. 'अंगरख्या'वर अडलो तर अडू दे. बाई टेबलावर बोट वाजवतील.