अर्धी गोळी

चौकातल्या न्हाव्याला सगळे दादा म्हणत. एकतीस वर्षं अर्ध्या गावाने त्याच्या वस्तऱ्यापुढे गळा उघडा ठेवला. एवढा विश्वास गावाने कुठल्या पुढाऱ्यावर टाकल्याचं ऐकिवात नाही.

दुकानात दादाच्या जोडीने दाढ्या करणारा त्याचा मुलगा विशीत आजारी पडला. भिंतीतून कुणीतरी शिव्या देतं म्हणायचा. डॉक्टरच्या गोळ्यांनी भिंत गप्प झाली, पण पोराचे हात थरथरू लागले. पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं. "दादा, तूच ये बाबा. दोन्ही कान घेऊन आलोय, दोन्ही घेऊन जायचेत."

दादा हसला आणि घरी जाऊन गोळी अर्धी केली. पुढच्या महिन्यात पाव. डॉक्टरला विचारलं नाही; न्हाव्याच्या पोराचा हात कसा असावा, हे डॉक्टरला काय कळतं? हात स्थिरावले. दोन महिने पोराने लोण्यातून सुरी फिरावी तशा दाढ्या केल्या. मग एका मंगळवारी सकाळी भाजीबाजारात पाच माणसांना भोसकून मारलं. त्यांत गावच्या शाळेतल्या मास्तरांची बायको होती.

गाव हादरलं, मग शहाणं झालं. एकट्याने बसणाऱ्याकडे टक लावून बघू लागलं. झोपेच्या गोळ्या घेणारे त्या परगावाहून आणू लागले. घड्याळजीच्या अबोल भावाला घरच्यांनी कोंडून ठेवलं. त्याने जन्मात माशी मारली नव्हती. दादाची मात्र गावाला कीव आली. "बापाचा काय दोष?" म्हणत लोक पुन्हा खुर्चीत बसले. मास्तरसुद्धा.

मग मुलाचा वकील आला. "सरकारी पक्ष म्हणतो, पोरगा ठणठणीत होता. वेडा माणूस दोन महिने वस्तरा चालवतो आणि कुणाला ओरखडा नाही? फाशी मागतायत. गोळ्या तुम्ही कमी केल्यात, हे साक्षीत सांगा. तो जगेल."

"आणि मी?"

"तुमचं तुम्ही बघा बुवा."

साक्षीच्या आदल्या सकाळी मास्तर दाढीला आले. दादाने फेस लावला, वस्तरा उचलला, परत ठेवला.

"मास्तर, उद्या कोर्टात ऐकाल, ते आधी माझ्या तोंडून ऐका."

सगळं सांगितलं. मास्तर आरशातूनच त्याच्याकडे बघत होते.

"डॉक्टरला न विचारता?"

"हो."

मास्तरांनी टॉवेलने फेस पुसला. एकच गाल पुसला गेला. दारात थांबून म्हणाले, "उद्या हेच सांग. एक शब्द गाळू नकोस. मी समोर बसणार आहे."

"आणि इथे?"

"इथे आता येणं नाही."

दादाने एक शब्द गाळला नाही. फाशी टळली, मुलाला कुलूपबंद इस्पितळात ठेवलं. गाव हजामतीला बसने परगावी जाऊ लागलं. दोन महिन्यांनी दादाने दुकान बंद केलं आणि इस्पितळात न्हाव्याच्या जागेसाठी अर्ज केला. वस्तऱ्याला तिथे बंदी, केस कापायचं मशीन चालतं.

पहिल्या दिवशी मुलगा रांगेत चौथा होता. दादाने त्याला पुढे घेतलं नाही.